मागून मारलेली हाक

देवू, काल तुझा दिवस घातला. ओहोळावरून परत आलो, जेवणं झाली, माणसं आपापल्या पाड्यावर गेली. आणि आज उजाडताना बघते तर तुझा काळ्या कुत्रा, अंगणात आंब्याखाली, तुझ्या जागेवर, मान खाली घालून बसलेला. कुत्र्याला कोण सांगणार, तुझा मालक गेला म्हणून? मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले होते, ती तशीच उभी राहिले.

ती जागा सगळ्या झरी गावाला ठाऊक झाली होती. तू कराचीच्या तुरुंगातून सुटून आलास तेव्हा आम्हाला आधी कळेचना, हा रोज पहाटे नि तिन्हीसांजेला अंगणात जाऊन उकिडवा का बसतो. मी सासरहून, गंजाडहून, तुला बघायला आले होते. म्हटलं, "अरे, तिथं काय बसलास? पोट बिघडलंय का?" तू ओशाळून हसलास. म्हणालास, "बाय, मोजणीची वेळ झाली." तिथं रोज दोन वेळा माणसं मोजायचे, खाली बसवून, मान वाकवून. इथं कोण मोजणार होतं तुला? पण पाय आपोआप जातात, म्हणालास. मग मीच तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "एक. आकडा भरला. चल चहा प्यायला." त्यानंतर माहेरी आले की ते माझं कामच होऊन बसलं. आज मी काळ्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून 'एक' निघेना.

मला तुझ्याशी भांडायचंय, मेल्या. मेलेल्या माणसाला मेल्या म्हणू नये, पण जन्मभर तेच म्हणत आले, आता काय नवीन नाव काढू? आपलं भांडण अर्धवट टाकून गेलास. तुझी ही जुनीच खोड. बोलायला लागलं की ऐकायचं, हं हं करायचं, आणि नेमकं उत्तर द्यायची वेळ आली की विडी शोधायला उठायचं.

तुझं लग्न ठरलं होतं त्या वर्षी. भात कापून झालं, दिवाळी झाली आणि तलासरीच्या नाक्यावर मुकादमाची गाडी लागली, दरवर्षी लागते तशी. आपल्याकडची पोरं दिवाळीनंतर सौराष्ट्रातल्या बंदरांवर जातात, गुजराती मालकांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. डोंगरातली पोरं, ओहोळात डुंबलेली, त्यांना समुद्र तो काय माहीत! पण शेतावर आठ महिने करायचं काय? तू बोटीवर जेवण रांधायचास. घरी कधी चूल फुंकली नाहीस, तिकडे अख्ख्या बोटीला जेवू घालायचास, हे ऐकून आय कितीतरी दिवस हसत होती.

तू निघालास तेव्हा मी घरीच होते. आयनं तुला दह्याचं बोट लावलं, तू उंबरा ओलांडलास आणि उतारावरून खाली गेलास. तेवढ्यात रुपी फुई तिच्या झोपडीतून धावत आली. बाबांची थोरली बहीण, नवरा नाही, मूल नाही, आपल्याच अंगणाच्या कडेला राहणारी. हातात फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. तू विसरून निघाला होतास. तिनं टेकाडावरून जी हाक मारली ती पलीकडच्या पाड्यापर्यंत गेली असेल. "देवू रे ऽऽ, थांब!" तू वळलास, अर्धा उतार परत चढून आलास, पुडकं घेतलंस, तिच्या पदराला हात पुसलेस आणि गेलास.

कामाला निघालेल्याला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आयचं तोंड तिथंच उतरलं.

नंतर थंडीत मुकादमाचा फोन आला, बोट पकडली. जाळं पाण्यात होतं, मासा पुढे पळत होता, बोट हाकणारा तांडेल त्याच्यामागे गेला आणि कुठलीशी रेघ ओलांडली म्हणे. पलीकडच्यांची मोठी बोट आली, बंदुका रोखल्या, तुम्हाला दोरानं बांधून घेऊन गेले. आय विचारत होती, "पाण्यावर रेघ कोण मारतं?" सरपंच झाले, तहसील कचेरी झाली, फोटो दिले, आधार कार्डाच्या झेरॉक्स दिल्या. सगळे म्हणायचे, सुटेल, वेळ लागेल. आयनं अन्न सोडलं. मग जान्या भगताला बोलावलं.

जान्याचं दाणे बघणं तुला माहीत आहे, पण ही गोष्ट तुला कोणी पुरती सांगितली नसेल. तो सुपात तांदूळ घेऊन बसतो. घरच्यांनी एकेक नाव द्यायचं. त्या नावानं तो चिमूटभर दाणे टाकतो आणि दोन-दोनच्या जोड्या लावतो. सगळे जोडीनं गेले तर ते नाव सुटलं. एक दाणा उरला तर ते नाव धरलं, करणी त्याचीच. आपण म्हणतो भगतानं नाव काढलं. पण नाव भगत देत नाही रे, आपण देतो. त्या दिवशी आयनं पहिलंच नाव दिलं रुपी फुईचं. आणि दाणा उरला.

मी किती भांडले! म्हटलं, "आय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तिनं भाकरी देण्यासाठी हाक मारली, पोराला खायला काय नव्हतं म्हणून." आय म्हणाली, "तुझा पोटचा गेला का? माझा गेलाय. तू गप." कोणी फुईला मारलं नाही, तेवढं बरं. पण तिच्या झोपडीपुढून बायका पदर सावरून जायला लागल्या, विहिरीवर तिचा हंडा बाजूला सरकवायला लागल्या. एका सकाळी ती गाठोडं घेऊन माझ्याकडे गंजाडला आली. म्हणाली, "पोरी, कोपऱ्यात पडून राहीन." तू आत होतास तितकी सगळी वर्षं ती माझ्या घरी होती.

आणि तिनं हाक मारणं सोडलं, देवू. कोणालाच नाही. कोंबड्या आत घ्यायच्या तर ताटली वाजवायची. माझी पोरं शाळेत जाताना डबा विसरली तर ही म्हातारी अनवाणी धावत जायची, धापा टाकत, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. तोंडातून अक्षर नाही. मी सांगून थकले, "फुई, हाक मार गं, तेवढ्यानं कोणाचं काय होत नाय." ती मान हलवायची. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, घरात असून नसल्यासारखी. माझ्या अंगणवाडीतली पोरं तिला मुकी आजी म्हणायची.

तू आलास ते केस पिकवून आलास. तलासरीच्या नाक्यावर हार घातले, ढोल वाजवला, कोणीतरी पेढे वाटले. तू घरी आलास, आयच्या गळ्यात पडलास आणि पहिला प्रश्न विचारलास, "फुई कुठं?" सगळे इकडे-तिकडे बघायला लागले. दुसऱ्याच दिवशी जीपनं गंजाडला माझ्या दारात हजर. फुईला उचलायचंच बाकी ठेवलंस. झरीला नेलंस, तिची पडकी झोपडी शाकारलीस, आणि सगळ्यांच्या देखत आयला म्हणालास, "तिनं मागून हाक मारली म्हणून मी परत आलो. तिथं कोणाचा आवाज येत नव्हता मला. तुझाबी नाय. भिंतीकडे तोंड करून पडलं की एकच ऐकू यायचं, देवू रे, थांब."

आय उठून चुलीकडे गेली. त्या दिवसापासून दोघी एकाच अंगणात राहिल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. आय कालवण करायची, वाटी तुझ्या हातात द्यायची आणि भिंतीला सांगायची, "दे तिकडे." फुई वाटी धुवून तुझ्याच हातून परत पाठवायची. दोन घरांमधली वाट तू होतास. मी तुला चिडवायचे, "सरहद्दीवरून सुटला नि सरहद्दीवरच राहिला." तू म्हणायचास, "इथं गोळी नाय ना चालत, चालू दे."

आता आपलं भांडण.

मी तुला डहाणूला फोटो काढायला नेलं होतं, छातीचा. खोकला तेव्हापासूनच होता. परतताना तूच म्हणालास, समुद्र बघू. किनाऱ्यावर गेलो आणि तू पाण्याकडे पाठ करून बसलास. सुरूच्या झाडांकडे बघत शेंगदाणे खात होतास. मी म्हटलं, "समुद्र तिकडे आहे." म्हणालास, "आहे ठाऊक. ऐकतोय." मग आपणहून त्या शिपायाचं सांगितलंस. तुरुंगातला म्हातारा पहारेकरी, तोही कोळ्याच्या घरचा. त्याचा पुतण्या आपल्या इकडच्या तुरुंगात होता. तोही मासे मारता मारता ती रेघ ओलांडून आलेला. म्हातारा रोज तुला विचारायचा, "तुमच्याकडे जेलमध्ये भात देतात का?" तुला काय माहीत? तू आपल्या देशाचा तुरुंग कधी पाहिला नव्हतास. पण रोज सांगायचास, देतात, मच्छीपण देतात. तो समाधानानं जायचा आणि त्या रात्री तुमच्या वरणात थोडं मीठ जास्त पडायचं, म्हणालास.

मला राग आला. तुझं आयुष्य खाल्लं त्यांनी, ठरलेली पोरगी दुसऱ्या घरी गेली, अंगावर मांस राहिलं नाही आणि तू त्यांच्या मिठाचं कौतुक सांगतोस! मी म्हटलं, "त्या लोकांचं नाव नको काढूस माझ्यापुढे." तू म्हणालास, "कोणत्या लोकांचं?" मी म्हटलं, "सगळ्यांचं." तेव्हा तू हसलास आणि ते वाक्य बोललास. "बाय, आयनं एका फुईला धरलं. तू अख्ख्या मुलुखाला धरतेस. तुझं सूप आयपेक्षा मोठं."

दिवसभर तुझ्याशी बोलले नाही मी. जीपमध्येही खिडकीकडे तोंड करून बसले.

मग त्या उन्हाळ्यात तिकडे उत्तरेत, डोंगरात फिरायला गेलेल्या माणसांना पलीकडून आलेल्या बंदूकवाल्यांनी मारलं. बायकांच्या देखत त्यांचे नवरे मारले. टीव्हीवर तेच, दिवसरात्र. मी रडत होते नि ओरडतही होते. बातम्या देणारे ओरडत होते त्याच्यावर माझा आवाज. म्हटलं, "आता बोल. आता सांग भात देतात का म्हणून. टाका बॉम्ब, एकदाचं भाजून काढा." तू चहा घेत होतास. हळूच म्हणालास, "टाका. फक्त त्या म्हाताऱ्याचं घर कुठंय ते मला ठाऊक नाय. ते सोडून टाका."

"आणि ज्यांनी मारलं ते? ते पण बिचारे?"

"ते बिचारे नाय. ज्यानं गोळी घातली त्याला सोडायचं नाय. मी कधी सोड म्हटलं?"

"मग?"

"पण ती पोरं काय आभाळातून पडली? त्यांच्याकडेपण एखादी झरी असंल. भात कमी, पोरं जास्त. दिवाळी झाली की कोणीतरी गाडी घेऊन येत असंल..."

"त्यांच्यात दिवाळी नसते."

"बरं बाई, ईद झाली की. आपला मुकादम म्हणतो, चल बोटीवर. त्यांचा म्हणतो, चल स्वर्गात. गाडीत बसवणारा कधी गाडीत बसतो का?"

मी म्हटलं, भूक तुलाही होती. मलाही आहे. आपल्या अख्ख्या डोंगराला आहे. तू कोणाला मारलंस का? तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "मला कोणी बंदूक दिली नाय, बाय. जाळं दिलं."

हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आज तू नसताना, रडून डोळे सुजलेले असतानाही पटत नाही. देणारा पापी आहेच. पैसे पुरवणारा पापी, डोक्यात विष भरणारा पापी, आपल्या खुर्चीसाठी ते सगळं बघून न बघितल्यासारखं करणारा तर सगळ्यात मोठा पापी. पण घेणारा हात कोणाचा? त्याला नाही म्हणता येत होतं. हजारजण म्हणतात, उपाशी राहून म्हणतात. त्यांची किंमत तू शून्य करतोस, देवू, हे मला तुला सांगायचं होतं. तेवढ्यात तू विडी शोधायला उठलास.

आणि तू काही फार संत नव्हतास. त्या तांडेलाचं नाव काढलं की थुंकायचास. तोही तुझ्याबरोबर आतच होता, तुझ्याइतकाच सडला, तुझ्याच गाडीनं सुटून आला. त्यानं दोनदा फोन केला, तू घेतला नाहीस. मी टोमणा मारला, "काय रे, अख्ख्या मुलुखाला माफी नि एका तांडेलाला नाही?" तुझा चेहरा काळवंडला. म्हणालास, "तो ओळखीचा आहे ना. ओळखीच्याला धरणं सोपं." मी विषय सोडला. तू झोपेत कोणाचं नाव घेऊन लाथा मारतोस ते आयनं मला सांगितलं होतं.

एक मात्र तू बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबईवर समुद्रातून चालून आले होते ना ते मारेकरी, ते मासेमारीचीच बोट पळवून आले होते. तू म्हणालास, "त्यात पहिले मेले ते खलाशी. त्यांची नावं कोणाला माहीत हायेत?" मला नव्हती. तेव्हापासून म्हणे प्रत्येक बोट दोन्हीकडच्यांना संशयाची झाली. "खरे चोर त्यांना सापडत नाय, नि आम्ही रोज सापडतो. वरचे भांडले की आम्हाला धरतात, वरच्यांनी हात मिळवले की सणाला सोडतात. पाहुणा येईपर्यंत कोंबडी टोपलीखाली ठेवतो ना, तसं." चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हटलं. तू म्हणालास, संन्यासी तरी घरदार सोडून गेलेला असतो.

मग लढाईची विमानं उडाली, त्या दिवसांत डहाणूला हल्ल्याचा भोंगा वाजवून बघितला. तालीम होती, आधी सांगितलं होतं सगळ्यांना. तू माझ्याबरोबर औषध घ्यायला तिथं आला होतास. बाजारात लोक मोबाईलवर भोंग्याचा व्हिडिओ काढत होते आणि तू एका दुकानाच्या पायरीला उकिडवा बसलास, मान खाली, दोन्ही हात डोक्यावर. लोक बघून हसायला लागले. मी तुझ्यापुढे उभी राहिले, पदर पसरून, आणि त्यांना अशा शिव्या घातल्या की अंगणवाडीच्या बाईला शोभणार नाहीत. शेवटी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. "एक. भरला आकडा. ऊठ." तू उठलास. पण त्यानंतर तुझा खोकला थांबला नाही.

तू भर दुपारी गेलास, कापणीच्या दिवसांत. दोन दिवस आधीच मी येऊन राहिले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, फुफ्फुसात काही उरलं नाही. तू बाहेर खाटेवर होतास, दार बंद केलेलं तुला चालायचं नाही म्हणून आम्ही तुला आत नेतच नव्हतो. मी पाय चेपत होते. म्हटलं, "देवू, एकदा तरी सांग. मी कोणाला शिव्या घालू? मला एक नाव दे. एकच." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता देतो. तू मान वळवून आभाळाकडे बघितलंस आणि म्हणालास, "भारे आत घ्या, पाऊस येतोय." मी नि आय खळ्यावर धावलो. भारे आत घेतले, वर ताडपत्री टाकली. परत आलो तेव्हा फुई तुझ्या उशाशी बसली होती. तिनं आम्हाला हाक मारली नाही. नुसता हात वर केला.

पाऊस काही आला नाही.

आणि मग सुरू झालं, देवू. फुई एकटीच होती ना जवळ? लोकांना निमित्तच पाहिजे होतं. विहिरीवर कुजबूज लागली. पहिल्यांदा हाक मारून समुद्रात घालवला, आता उशाशी बसून नेला. आयच्या कानावर गेलंच असणार, तिचे कान अजून शाबूत आहेत. तुझा दिवस घालायच्या आदल्या सकाळी मी फुईकडे चहा घेऊन गेले तर दारात गाठोडं बांधून ठेवलेलं. तेच जुनं. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "जान्याला बोलावलंय ना आयनं. तू कशाला वाईट होतेस? मी आपली जाते." मी गाठोडं सोडलं, लुगडी परत दांडीवर टाकली. आता तुझ्यासारखा तिच्या बाजूनं उभा राहणारा कोणी नव्हता. माझं सासर गंजाडला, मी किती दिवस पुरणार? नाव निघालं असतं तर या वयात ती गंजाडपर्यंतही पोचली नसती.

काल जान्या आला. तोही म्हातारा झालाय, हात थरथरतो. तुझ्या शेतातलेच नवे तांदूळ सुपात घेतले. सगळा पाडा अंगणात. फुई तिच्या दारात. जान्या म्हणाला, "नाव द्या."

आयच्या आधी मीच पुढे झाले. म्हटलं, "मी देते. थोरली बहीण आहे. घे दाणे. ज्यानं पाण्यावर रेघ मारली त्याचं नाव." जान्या माझ्याकडे बघत राहिला. "त्या मुकादमाचं घे. बोटीच्या मालकाचं घे, त्यानं तुमचा देवू कुठं आहे म्हणून कधी विचारलंसुद्धा नाही. बंदूकवाल्यांच्या हातात बंदूक देणाऱ्याचं घे. बंदूक घेणाऱ्याचंपण घे, त्याला मी सोडत नाही. ज्यांना सणाला माणसं सोडता येतात नि एरवी येत नाहीत, त्या दोन्हीकडच्यांचं घे." माझा आवाज फाटला होता. दाणे हातात तसेच. जान्या हळूच म्हणाला, "पोरी, या माणसांना मी वळखत नाय. त्यांचे दाणे मला कसे दिसतील? आपल्या पाड्यातलं नाव दे."

एवढं बोलला नि त्याचं त्यालाच कायतरी वाटलं असावं. त्यानं मान खाली घातली. सगळे आयकडे बघत होते आणि आय बघत होती आंब्याखालच्या तुझ्या जागेकडे. मला तेव्हा वाटलं, आता ती तोंड उघडेल आणि फुई संपेल.

आय उठली. सूप जान्याच्या हातातून घेतलं, हातातल्या चिमटीसकट. म्हणाली, "नाव नाय. पोराच्या घामाचे तांदूळ हायेत, जोड्या नको लावू. शिजवते." आणि ते चुलीकडे घेऊन गेली. जान्यानं हात झटकले, विडी पेटवली. बिचाऱ्याला सुटल्यासारखं झालं असणार.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती तुला सांगायची म्हणून हे सगळं लिहिलं. ओहोळावर तुझा भात ठेवला, पाणी सोडलं आणि आम्ही परत निघालो. तिथून येताना मागं बघायचं नसतं, मेलेल्याला हाक तर मुळीच मारायची नसते, नाहीतर तो परत फिरतो. सगळे खाली माना घालून उतार चढत होते. फुई सगळ्यांच्या मागे, एकटी, काठी टेकत. अर्ध्या टेकाडावर, तुला पुडकं दिलं होतं ना त्याच वळणावर, आय थांबली. तिच्यामागे सगळे थांबले. फुई जवळ येईपर्यंत ती वाट बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून बोलली.

"रुपीबाय, हाक मार."

फुईला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली.

"मार गं," आय म्हणाली. "माझी नाय ऐकायचा तो. तुझी ऐकतो."

फुईचे ओठ नुसतेच हलले. पहिल्यांदा आवाजच फुटेना, गंज चढल्यासारखा घशातच अडकला. मग तिनं काठी माझ्या हातात दिली, ओहोळाकडे तोंड केलं आणि पोटातून हाक मारली. "देवू रे ऽऽ, थांब!" तीच, तशीच. पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. आम्ही सगळे उभे. कोणी म्हणालं नाही की अशुभ झालं. मग आयनं फुईचा हात धरला आणि दोघी घराकडे चालायला लागल्या.

मला तुझ्याकडून नाव पाहिजे होतं, तू दिलं नाहीस. नाही तर नाही. माझा राग मी ठेवणार आहे, देवू, तो असा ओहोळात सोडून यायचा नाही मला. फक्त तो हाताशी आलेल्या माणसावर काढणार नाही, एवढं तुला सांगते.

आणि आज उजाडताना काळ्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा 'एक' का निघेना, तेही सांगून टाकते. मला वाटलं, तिथं दोघं बसलेत.